बोटाखालचा ठोका

काळीज बंद पडलेल्या पेशंटच्या छातीवर दाबणाऱ्याकडं सगळे बघतात, जांघेत बोटं धरून उभ्या असलेल्या सिस्टरकडं कुणी बघत नाय. ते काम माझं होतं. दाब बरोबर बसला तर जांघेतल्या नाडीला ठोका लागतो, नाय बसला तर लागत नाय. हे सांगणारं यंत्र तेव्हा आमच्याकडं नव्हतं. माझी जीभ तिखट. डॉक्टर दमले की तोंडावर सांगायची, "साहेब, पुरत नाय, दुसऱ्याला घ्या." त्याचा मला लई माज होता.

दुष्काळाचं दुसरं वर्ष. शहर हर्सूलच्या पुढं पसरत चाललेलं, नव्या वसाहतींना नळ नाय, आठवड्याला एक टँकर. एका दुपारी टँकरच्या रांगेत कोसळलेली बाई नवऱ्यानं रिक्षात घालून आणली. तिशीची असेल. मी औषधाच्या खोलीतून पळत आले आणि बोटं जांघेत रोवली. डॉक्टर दाबत होते, ठोका चांगला लागत होता.

"थांबतो, बघा," म्हणून त्यांनी हात उचलले. माझ्या बोटाखाली ठोका चालूच.

"आहे," मी मोठ्यानं म्हणाले.

दाबणं थांबलं. डॉक्टर सलाईनकडं वळले. मिनिटभरानं मोठ्या सिस्टरनी बाईच्या गळ्याला हात लावला आणि माझ्याकडं बघितलं. "अगं, बोटं जरा ढिली कर."

ढिली केली. ठोका गेला. तो माझाच होता. पळून आलेली मी, घट्ट रोवलेल्या बोटांत माझंच काळीज उडत होतं.

पुन्हा अर्धा तास दाबलं. बाई गेली. डॉक्टर म्हणाले, "आणली तेव्हाच उशीर झालता, मनाला लावून घेऊ नका." मोठ्या सिस्टरनी मात्र मिनिटभर दाबणं थांबल्याचं कागदावर लिहिलं. मला त्यांचंच खरं वाटलं.

नवरा पडद्यापलीकडंच उभा होता. माझं "आहे" ऐकून त्यानं तेवढ्यात बिडकीनला सासूला फोन केलता, जीव आला म्हणून. ती एसटीत बसली होती.

"ताई, थोडा वेळ तरी आलता ना ठोका?"

तोंडावर बोलणारी मी. "व्हय," म्हणाले, "आलता."

"तुमच्या हाताला गुण हाय, ताई," तो म्हणाला आणि त्यानं हात जोडले. मी माझे हात पाठीमागं घेतले.