कूमाचं शुद्धिपत्र

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या मराठी वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम मैनाबाईंकडे होतं. राजेगावच्या शेतकरी घरातली बाई, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. १९७२ साली बदली झालेला एक रेल्वे गार्ड हिंदी कॉमिक्सची पेटी वाचनालयाला देऊन गेला. आकाशात उडणारा वीर आणि त्याच्यासोबत दुसऱ्या ग्रहावरून आलेली हिरवी कूमा. मैनाबाईंनी एकोणीसही अंक ओळीनं वाचले आणि त्यांचा जीव कूमावर जडला.

पण कूमाला तिसऱ्या अंकात चार बोटं, आठव्यात पाच. तिच्या ग्रहावर आधी दोन सूर्य, मग एकच. पाचव्या अंकात ती मेली, सातव्यात काही न सांगता हजर!

मैनाबाईंचे वडील श्रावणात पोथी लावायचे. आधी मागचं शुद्धिपत्र पाहून चुका दुरुस्त करायच्या, मगच पहिली ओवी. लेकीच्या हाताला तीच सवय. तिनं सत्तावीस चुका एका कागदावर उतरवून पेटीत ठेवल्या.

नेमका तोच कागद चिटणीस त्र्यंबकरावांनी समितीच्या बैठकीत वाचून दाखवला.

"तुमचंच अक्षर आहे, मैनाबाई. सत्तावीस चुका! कशाचा कशाला मेळ नाही. उद्याच रद्दीत द्या हे सगळं."

समितीतल्या गुणाकर वकिलांनी मुद्दाम मैनाबाईंच्या बोलीत विचारलं, "कूमाबाई सोताच्याच तेरवीले जेवाले आलती काय?"

सगळे हसले. एरवी मैनाबाई बैठकीत चहा करायलाच उठायच्या. आज त्या बोलायला उठल्या.

"हौ, माह्यंच अक्षर आहे. पण त्र्यंबकराव, शुद्धिपत्र काहून जोडतात? पोथी ठेवाची असते म्हणून. टाकाच्या पोथीले कोन जोडते?"

"ही काय पोथी आहे?"

"नाही. पोथी देवाची, हे गोष्टीचं. पण मेळाचं म्हणता, तर आपलंच पाहा. छप्पन साली ऑक्टोबरात आपली राजधानी नागपूर, नोव्हेंबरात भोपाळ. तुम्ही त्याच घरात, त्याच खुर्चीवर. जागचे हललो नाही अन् परके झालो. मंग आपल्यालेही रद्दीत देता काय?"

त्र्यंबकराव चष्मा पुसत म्हणाले, "पुढच्या बैठकीत पाहू."

"पाहा. मी तवाही हेच म्हणीन."

मैनाबाईंनी त्यांच्या पुढ्यातला कागद उचलला, पेटी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली पदराच्या गाठीला बांधली.

चहाचं त्या दिवशी त्र्यंबकरावांनाच पाहावं लागलं.