खीर नसलेली गोष्ट

"ज्याला भीती वाटत नाही, त्यानं बाहेर जावं," असं म्हणून अक्का टेबलावर तळहात आपटायची आणि मगच गोष्टीला सुरुवात करायची. बाहेर कोणीच जात नसे. फुशारकी मारणारी पोरंही झटकन भित्री होऊन तिच्या पदराजवळ सरकत. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. पोरांवर सारखी खेकसते आणि पोरं तिलाच चिकटतात.

अक्का चामराजपेटची. तिच्या घराण्याला बंगळुरात येऊन इतक्या पिढ्या झाल्या होत्या की तिच्या बोलण्यात मराठी कुठं संपते आणि कन्नड कुठं सुरू होते, हे तिलाही सांगता आलं नसतं. मी पुण्याचा, नोकरीसाठी आलेला. व्हाइटफील्डमधली आमची कंपनी मुलांना गोष्टी ऐकवणारं ॲप चालवते आणि त्यातल्या मराठी गोष्टी माझ्याकडे आहेत. जुन्या, काळोख्या लोककथा 'आजच्या मुलांसाठी' नव्यानं सांगायच्या, हे आमचं काम. अक्काला मी एका लग्नात पोरांच्या घोळक्यात बोलताना ऐकलं आणि स्टुडिओत बोलावलं.

पहिल्या दिवशी ती मेट्रोनं गल्लीतली चार पोरं घेऊन आली.

"ही कशाला, अक्का?"

"मग काय भिंतीला गोष्ट सांगू?"

"मुलं आवाज करतात. रेकॉर्डिंग बिघडेल."

"स्वल्प बिघडू दे. तुझं काय जातंय?"

त्या पोरांत मंजू होती. आठ-नऊ वर्षांची, अक्काच्या समोरच्या घरात मामाकडे राहणारी. तिच्या आईनं दुसरं लग्न केलं होतं. धाकट्या मुलाला घेऊन ती शहराबाहेर आनेकलला गेली, तिथल्या कारखान्यात कामाला लागली, आणि मंजूला मामाकडे ठेवलं. मंजूला नेहमी एकच गोष्ट हवी असायची.

ती गोष्ट अशी. दुष्काळ पडतो. एका आईला सात मुली आणि घरात सहांपुरतीच नाचणी. आई धाकटीला लांबच्या विहिरीवर पाठवते आणि आतून कडी लावते. तिन्हीसांजेला धाकटी येते, दार वाजवते, म्हणते, "आई, दार काढ." आई ऐकते. बाकीच्या सहाजणींना छातीशी दाबून धरते आणि उठत नाही. सकाळी उंबऱ्यात पाण्यानं भरलेली घागर असते, मुलगी नसते. ते पाणी त्या सहाजणी पितात. संपली गोष्ट.

अक्का 'आई ऐकते' म्हणून थांबायची. स्टुडिओच्या काचेमागे आमचा तंत्रज्ञसुद्धा हलायचा नाही. मंजू मात्र शांत असायची. तेवढ्या वेळापुरतं कोणीतरी तिच्याशी खरं बोलत असे.

मी एकदा म्हणालो, "अक्का, मुलं घाबरतात हो."

"घाबरू दे की. मी बसलेय ना शेजारी. तुझं ॲप बसतं का कुणाच्या शेजारी?"

आमच्या कंपनीत उत्तरांची कमी नसते. आम्ही मृत्यू काढला होता, सावत्र आई काढली होती, भुकेच्या जागी 'खाऊ हवा होता' आणलं होतं. या गोष्टीवर पालकांच्या तक्रारी आल्या. वरिष्ठ म्हणाले, शेवट गोड करा. अक्काला विचारलं, तर ती म्हणाली, "नको असेल तर सांगू नका. खोटी का सांगता?" आणि पोरांना घेऊन चालू लागली.

तोवर तिच्या आवाजाचं इतकं रेकॉर्डिंग आमच्याकडे जमलं होतं की तिची गरजच उरली नव्हती. यंत्राला तिचा आवाज शिकवला. नवा शेवट मी लिहून दिला: आईला थकून झोप लागली होती, तिला ऐकूच आलं नाही. जाग येताच तिनं दार उघडलं, मुलीला पोटाशी धरलं आणि तिला गरम गरम खीर दिली. अक्का कुठं थांबते तेही मी यंत्राला नीट सांगितलं. काम चांगलं झालं म्हणून मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं, आणि मला बरं वाटलं.

मंजूनं तो शेवट मामाच्या फोनवर ऐकला. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तिनं विश्वास ठेवला नसता. आवाज अक्काचा होता.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या गणवेशातच ती जवळच्या मार्केटच्या बसस्टँडवरून आनेकलच्या बसमध्ये बसली. विचारत विचारत आईचं घर शोधलं, दार वाजवलं. दार उघडलं. आत सासरची माणसं होती. आईनं तिच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला, तिला थेट स्टँडवर आणून परतीच्या बसमध्ये बसवलं, आणि मार्केटला उतरवा म्हणून कंडक्टरला सांगितलं.

इकडे मामा आणि अक्का गल्लोगल्ली शोधत होते. संध्याकाळी पोर चालत घरी आली. अक्कानं आधी एक धपाटा घातला, मग जवळ घेतलं.

"कशाला गेलीस गं मुडदे?"

"तूच सांगितलंस ना, ती झोपली होती म्हणून?" आणि बिस्किटाचा पुडा अक्काच्या हातात देत, "दार काढलं तिनं. खीर नव्हती."

हे मला अक्कानंच सांगितलं, आमच्या ऑफिसच्या स्वागतकक्षात उभं राहून. काचेच्या भिंती, कुंडीतला बांबू, गळ्यात ओळखपत्र घातलेली पोरंपोरी, आणि मध्ये घामेजलेली अक्का. ती बसायला तयार नव्हती.

"माझ्या तोंडून पोरीला खोटं सांगितलंस. तुझ्या तोंडानं सांगायचं होतंस."

"अक्का, आवाजाचे हक्क करारानं कंपनीकडे आहेत..."

"काढून टाक ते."

"माझ्या हातात नाही हो."

"मग काय आहे रे तुझ्या हातात?"

माझ्या हातात कॉफीचा कप होता.

मी वरिष्ठांशी बोललो. ते म्हणाले, ही आवृत्ती सर्वांत जास्त ऐकली जाते. आजची मुलं नाजूक असतात, असंही म्हणाले. मला हे वाक्य आता ऐकवत नाही. नाजूक आपण आहोत. दार न उघडणाऱ्या आईबद्दल ऐकलं की आपली झोप उडते, म्हणून आपण मुलांच्या कानात खीर ओततो. ज्यांना ती कडी ठाऊक आहे अशा मुलांनी काय ऐकायचं? ती मुलं आमच्या मीटिंगमध्ये कुणाला आठवतच नाहीत. मला तर मंजू ठाऊक होती. रोज काचेतून दिसायची.

अक्का पुन्हा स्टुडिओत आली नाही. गल्लीत मात्र ती गोष्टी सांगत राहिली, पण मुलं आता मध्येच विचारायची, "अक्का, हे खरं, की फोनमधलं खरं?" ती चिडायची. मग हळूहळू सांगायचीच थांबली.

यंदा ती गेली. चार दिवसांचा ताप, बस्स. मी चामराजपेटला पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं, दारात ओल्या चपला पडल्या होत्या. त्याच सकाळी आमच्या ॲपवर तिच्या आवाजात नवी गोष्ट आली होती, एका आनंदी सशाची. अक्कानं उभ्या जन्मात सशाची गोष्ट सांगितली नव्हती.

मंजू मामाच्या ओट्यावर फोन कानाला लावून बसली होती. आतून ससा गाजर वाटून खात होता.

"मंजू," मी म्हणालो, "ती अक्का नाहीये गं."

"माहीत आहे," ती म्हणाली. तिनं फोन कानावर आणखी घट्ट दाबला. "सगळं खोटं आहे. तुम्ही गप्प बसा, अंकल."