टाळ सुरू झाला की बंद

माझे चुलते, म्हणजे तात्या, इंदापूरला राहतात. भजनात ते टाळ धरायचे. हात थरथरायला लागल्यावर सोडला. परदेशातून कायमची परत आलेल्या त्यांच्या मुलीने आपले इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर त्यांना दिले. दाराच्या फळीएवढे उंच आणि तसेच सपाट. तात्यांना त्यावर एकच गोष्ट ऐकायची होती: मंडळाच्या जुन्या रेकॉर्डिंगमधला स्वतःचा टाळ.

पखवाज छान वाजायचा. टाळ सुरू झाला की तात्यांचा ॲम्प्लिफायर बंद. त्यांनी मांडववाल्याकडून दुप्पट वॅटचा आणला. तोही बंद. काकू म्हणाल्या, "ह्यांचा टाळ मशीनलाबी सोसंना!"

मी बारामतीहून गेलो आणि आधी स्पीकरचं माहितीपत्रक वाचलं. स्पीकरच्या मागे आठ ओहम छापलं होतं, पण तो आकडा सगळ्या सुरांना लागू नव्हता. या स्पीकरचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, सूर चढेल तसा कमी होतो. अगदी वरच्या टोकाला एकच ओहम. टाळ नेमका वरचा. तिथे ॲम्प्लिफायरला भलताच करंट पुरवावा लागतो, आणि तो स्वतःला वाचवायला बंद होतो. वॅट वाढवून हे सुटत नाही.

रोध वाढवायला मी तारेत एक ओहमचा रेझिस्टर घातला. भजन शेवटपर्यंत चाललं.

"चाललं रं," तात्या म्हणाले, "पर टाळ फडक्यात गुंडाळल्यावानी वाटतुय."

बरोबर होतं. वरच्या सुरांचा मोठा वाटा रेझिस्टरच खात होता. ज्यासाठी खटपट, तेच बोथट झालं होतं.

पुढच्या रविवारी घरचा ॲम्प्लिफायर गाडीत घालून नेला. वॅट मांडववाल्याच्या निम्म्याहून कमी, पण एक ओहमपर्यंत चालेल असं कंपनीने लिहून दिलेलं. रेझिस्टर काढला, आवाज बेताचा ठेवला. टाळ खणखणीत आला.

तात्या मान पुढे करून ऐकत होते. मग कपाळाला आठी.

"ह्यो एक टाळ जरा आधी पडतुय."

"कुणाचा वो?" काकूंनी विचारलं.

"माझाच की! इतकी वर्सं कुणी बोललं न्हाय."

"बोलून तुमी ऐकलं असतं व्हय?"

तात्या हसले. "पुन्हा लाव," मला म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढली.

माझा ॲम्प्लिफायर तिथेच ठेवून मी त्यांचा घेऊन आलो. माझ्या साध्या आठ ओहमच्या स्पीकरवर तो टाळालाही बंद पडत नाही.