शहापुरातलं सफरचंद

माझं माहेर निपाणीचं, तंबाखूवाल्यांचं. शेंडा खुडायला मी लहानपणीच शिकले. तंबाखूला फूल येऊच द्यायचं नाही, म्हणजे पान जाड भरतं. लग्न होऊन बेळगावात, शहापुरातल्या साड्या विणणाऱ्या मागवाल्यांच्या घरी आले आणि हाताला खुडायला काही उरलं नाही.

फौजेतला धाकटा भाऊ एकदा हिमाचलातून सुट्टीवर आला, तो ओल्या गोणपाटात सफरचंदाचं रोप गुंडाळूनच. मी ते अंगणात लावलं. बघता बघता माझ्या डोक्यावर गेलं, पण फुलाचं नाव नाही. इकडे सासऱ्यांनी, आप्पांनी, मोटार घ्यायचं ठरवलं आणि ती ठेवायला नेमकी तीच जागा.

"पोरी, शिमग्यापतोर फूल दिसलं न्हाय तर तोडणार बघ," आप्पा म्हणाले. "नुसत्या पानांची काय भाजी करायची व्हय?"

मला ते झोंबलं. भावाला फोन लावला.

"आक्का, हितली झाडं हिवाळ्यात पानं टाकत्यात, कळ्या घट्ट मिटून बर्फात झोपत्यात. झोप झाल्याबिगर फुलत न्हाईत. तुझं झाड जागंच हाय गं!"

बेळगावची थंडी आम्हाला कानटोप्या घालायला लावते, पण त्या झाडाला तिचं काय कौतुक! म्हटलं, थंडी झोपवत नसेल तर मी झोपवते. पाणी तोडलं आणि एका सकाळी स्टुलावर चढून पान न् पान खुडलं. माहेरी पानांसाठी फुलं खुडली, इथं फुलांसाठी पानं.

"मी तोडायच्या आधी तूच मारलंस की गं!" आप्पा हसले. त्या उघड्या काटक्या बघून मलाही तसंच वाटलं होतं. पण कबूल करते कशाला?

संक्रांतीनंतर काटक्यांवरचे डोळे फुगले, तसं पाणी सोडलं. आणि शिमग्याच्या आधीच झाड पांढऱ्या-गुलाबी फुलांनी लगडलं. मी अंगणात चक्क ओरडले. जिंकले होते मी! आप्पा तांब्या हातात धरून बघतच राहिले. मग दिवसभर गल्लीतल्या एकेकाला हाताला धरून आणत होते, "बघा, आमच्या घरचं सफरचंद!"

मोटार आली, ती गल्लीत उन्हात उभी असते.

परवा पुन्हा थंडी पडली. स्टूल आणायला गेले तर जागेवर नाही. अंगणात बघते तर आप्पा त्यावर चढलेले.

"आप्पा, उतरा, पडशीला!"

"तू पाणी बंद कर जा," ते वरूनच म्हणाले. "औंदा पानं मी खुडणार."