पांढऱ्या पोशाखाचं अस्तर

मालिकेच्या कपडेपटात शिवणकाम करणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. अठरा वर्षं त्या स्टुडिओत होत्या आणि अठराही वर्षं घाबरतच होत्या. जिन्यावर दिग्दर्शक साहेबांचे बूट वाजले की सुई कापडाऐवजी बोटात जाई. "तू स्वतःच्या सावलीलासुद्धा आधी वाट देशील," असं त्यांची थोरली बहीण म्हणायची.

टीव्ही तेव्हा घरोघरी नुकता आला होता आणि चित्र काळं-पांढरं असे. मालिकेत धाकट्या बहिणीचं काम करणारी मुलगी जेमतेम विशीची. तिला सगळे धाकटीच म्हणत. सुरुवातीला तिला बोलायला बरंच असे. लोकांना ती जसजशी आवडत गेली, तसतशी तिची वाक्यं कमी झाली आणि पोशाखाचा गळा खोल होत गेला. दर आठवड्याला साहेबांची चिठ्ठी यायची: कंबरेत अजून अर्धा इंच. मावशी मुकाट्यानं अर्धा इंच आत घेत. धाकटी श्वास रोखून उभी राही.

"मावशी, आज मला फक्त जिना उतरायचाय," ती एकदा म्हणाली. "तोही दोनदा. एकदा समोरून, एकदा पाठमोरी."

एका मंगळवारी साहेब स्वतःच कपडेपटात आले. धाकटी तिथेच उभी होती, पण ते बोलले मावशींशी.

"पुढच्या भागात ही हौदात पडते. पांढरा पोशाख करा, कापड पातळ. अस्तर नको."

"साहेब, भिजल्यावर ते..."

"भिजल्यावर काय होतं ते मला कळतं. लोक त्यासाठीच बघतील."

ते गेल्यावर धाकटी स्टुलावर बसली. "आमच्या घरी आई शेजाऱ्यांना बोलावून मालिका दाखवते," ती म्हणाली.

"नाही म्हण ना त्यांना."

"म्हटलं, मावशी. ते म्हणाले, दाराबाहेर दहाजणी उभ्या आहेत."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मावशींनी आतून कडी लावली आणि जाडसर सुती अस्तर कापायला घेतलं. टीप तीनदा वाकडी गेली, तीनदा उसवावी लागली. बाहेर कुणी खोकलं तरी त्या पोशाख मांडीखाली लपवत. या वयात आपल्याला दुसरीकडे कोण ठेवणार? धाकटीला त्यांनी काही सांगितलं नाही. उगाच तिच्यावरही यायचं. पण पोशाख अंगात घालताच तिला वजन कळलं. तिनं आतल्या अस्तरावरून बोट फिरवलं आणि हूक लावून घ्यायला मावशींकडे पाठ केली.

चित्रीकरणाच्या वेळी मावशी टॉवेल घेऊन पडद्याआड उभ्या राहिल्या. धाकटी हौदात पडली, वर आली. कापड अंगाला चिकटलं, पण पांढरं ते पांढरंच राहिलं.

साहेब खुर्चीतून उठले. "अस्तर कुणी लावलं?"

धाकटी बोलायला गेली, तेवढ्यात मावशींचाच आवाज फुटला. "मी."

"का?"

कालपासून मावशींनी मनात एक मोठं वाक्य जुळवून ठेवलं होतं. ते ऐनवेळी कुठल्या कुठे गेलं. "तिला थंडी वाजेल म्हणून," त्या म्हणाल्या.

दिवे सांभाळणाऱ्यांपैकी कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. साहेबांनी अस्तर उसवून, पोशाख वाळवून दृश्य पुन्हा घ्यायला सांगितलं, पण अर्ध्या तासात स्टुडिओ बातम्यांसाठी मोकळा करायचा होता. भाग आहे तसाच लागला.

तीन आठवड्यांनी मालिकेतली धाकटी बहीण शिकायला दूरदेशी गेली आणि परत आलीच नाही. ज्या मुलीनं ते काम केलं होतं, ती रेडिओवर नाटकं करू लागली. तिथे तिला भरपूर वाक्यं होती.

मावशी मात्र महिनोन् महिने कामावरून काढल्याच्या पत्राची वाट बघत राहिल्या. टेबलावर पाकीट दिसलं की ते उघडण्याआधी त्या आपली कात्री पिशवीत भरून ठेवत. पत्र आलं नाही. का आलं नाही, हे त्यांना कधीच कळलं नाही, आणि विचारायची छाती नव्हती.

मालिकेत नव्या मुली आल्या, चिठ्ठ्याही येत राहिल्या. मावशींनी कधी गुपचूप अस्तर लावलं, कधी त्यांना धीर झाला नाही. ज्या दिवशी धीर होत नसे, त्या दिवशी त्या चित्रीकरणाच्या वेळी खाली मान घालून कपडेपटातच बसून राहत.