चाळीसची पिन

दीड महिन्यापूर्वी सकाळी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले." माझ्या मनात पहिला विचार काय यावा? आमचं चार महिने बोलणं नव्हतं... आणि तेही एका हरणापायी.

माझा मित्र मधू लिंबायतच्या कामगारवस्तीतल्या एका मराठी शाळेत खेळाचा मास्तर होता. यंत्रमागावर राबणाऱ्यांच्या पोरांना बांबूच्या धनुष्यावर तिरंदाजी शिकवायचा. मी बँकेत होतो. दर रविवारी त्याच्याकडे पोहे आणि गप्पा, असा तीस वर्षांचा रिवाज. माणूस मापाचा वेडा होता. चहात साखर कमी पडली तरी किती दाणे कमी ते सांगेल, असं वहिनी म्हणायच्या.

अशाच एका रविवारी त्याचा जुना विद्यार्थी किरण याचा अमेरिकेतून व्हिडिओ कॉल आला. हा पोरगा आता तिकडे एका मोटेलात मॅनेजर आहे आणि हौस म्हणून धनुष्यबाणानं हरणं मारतो. त्याला साईट घ्यायचं होतं. साईट म्हणजे नेम धरायला धनुष्यावर बसवायची छोटी चौकट. तिच्यात रंगीत पिना असतात. अंतर जितकं जास्त, तितकी खालची पिन धरायची. "सर, एका पिनचं घेऊ की पाच पिनांचं?"

मधूनं विचारलं, "हरीण उभं राहतं का?"

"हात हलला की पळतं, सर."

"मग एका पिनचं नको. ते दर वेळी फिरवावं लागतं. पाच पिना म्हणजे कमी उजेडात डोळ्यापुढं नुसती गर्दी. तीनचं घे. वीस, तीस, चाळीस."

मला शिसारी आली. मुंगी चिरडली तर हळहळणारा हा माणूस भाजी निवडावी तसं मरणाचं सामान निवडत होता. मी तसं बोललो. तो शांतपणे म्हणाला, "तिकडे ते कायद्यात बसतं, वसंता. तो मारणारच आहे. निदान नीट मारू दे. नेम चुकला की जनावराचे हाल होतात." मी पोहे तसेच टाकून उठलो.

पुढं महिनाभर फोनवरून पिना लावणं चाललं. मधू सांगायचा, किरण टेपनं अंतर मोजून बाण मारायचा. सगळं मीटरमध्ये, कारण आमचा मास्तर आयुष्यभर मीटरमध्येच शिकवत आला. जंगलात मात्र किरणच्या हातातलं अंतर मोजायचं यंत्र यार्डात बोललं, आणि यार्ड मीटरपेक्षा आखूड. चाळीस दिसले, त्यानं चाळीसची पिन धरली. पण ती चाळीस मीटरची, आणि हरीण त्याच्या अलीकडे. बाण अर्धी वीत वर लागला. जनावर बाण घेऊन पळालं आणि दुसऱ्या दिवशी कोल्ह्यांनी अर्धं खाल्लेलं सापडलं. किरणनं रक्तानं माखलेल्या पाचोळ्याचा फोटो पाठवला. खाली हसरा चेहरा, आणि 'नेक्स्ट टाइम, सर.'

तो फोटो घेऊन मधू माझ्या घरी आला. मराठी सुटून आईची अहिराणी तोंडात आली होती. "मन्ही चूक शे, वसंता. तुले काय सांगू... यार्ड म्हणजे आपला वार. जन्म कापडाच्या गावात गेला, आणि तिकडचं माप कोणतं, हे मला विचारायचं सुचलं नाही."

मी म्हणालो, "मापाचं सोड. मला तुझी किळस येते."

त्यानं चपला घातल्या आणि गेला. तीच आमची शेवटची भेट.

शाळेतल्या शोकसभेत किरण पडद्यावर आला. मागं भिंतीवर शिंगांचं मुंडकं, नवं कोरं. "सरांनी स्वतः फोन करून सगळ्या पिना यार्डात लावून घेतल्या. तीसच्या पुढं बाण सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. हे जागच्या जागी पडलं. सरांना अर्पण." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मरणाच्या सभेत टाळ्या! मला तिथं बसवेना, म्हणून मी मैदानावर आलो.

मैदानावर चाळीस मीटरची जुनी पांढरी रेघ आहे. तिच्या अलीकडे, लक्ष्याच्या बाजूला, आणखी एक रेघ दिसली, विटकरी रंगाची. मागून वहिनी आल्या. "ती यांनीच मारलेली. रोज शाळा सुटली की दोन्ही रेघांच्या मध्ये उभे राहायचे. पोरांना वाटायचं, सर काहीतरी मोजतायत."

मी चालून पाहिलं. जेमतेम पाच पावलं. चाळीस मीटर आणि चाळीस वार यांच्यातलं अंतर.

शिकार मला आजही घाण वाटते. त्या मुंडक्याची, त्या टाळ्यांची किळस येते आणि येत राहील. पण मधूनं आपली चूक हातानं दुरुस्त केली. मला माझं एक वाक्य मागं घ्यायला चार महिने पुरले नाहीत. तो वाट पाहील, अशा गुर्मीत मी राहिलो.

"तुमचं नेमकं काय बिनसलं होतं हो?" वहिनींनी विचारलं. "मी खोदून खोदून विचारलं. एवढंच म्हणायचे, वसंता बरोबर बोलला."

"काही नाही, वहिनी," मी म्हणालो. त्यांच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही.