लोणीला राहिलेला डबा

वेणूबाई ओव्हाळ सिंचन खात्यातून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात माळ्यावर चढल्या. गुडघे दुखतात म्हणून ऑफिसात लिफ्टसाठी भांडणारी बाई ती हीच का, असा प्रश्न त्यांचे यजमान पोपटराव यांना पडला. पण स्टूल धरायचं काम त्यांच्याकडेच असल्यामुळे त्यांनी तो मनातच ठेवला. माळ्यावरून जुनी गादी उतरली, मुलाची, प्रज्ञेशची, लहानपणची तीनचाकी उतरली आणि मग एका पोत्यातून स्टीलचे डबे निघाले. सगळे दुसऱ्यांचे.

आपल्याकडे भांड्यांवर नाव घालून घ्यायची पद्धत आहे ती उगाच नाही. भांड्यांना पाय असतात. ऑफिसात कुणी कैरीचं लोणचं दिलं, कुणी डिंकाचे लाडू दिले, की डबा घरी येतो. आता तो परत करायचा, तर रिकामा कसा करणार? रिकामा डबा परत देणं म्हणजे 'खाल्लं, संपलं, राम राम' असं तोंडावर सांगणं. तेव्हा त्यात काहीतरी घालायचं. ते काहीतरी लाडवांच्या तोडीचं हवं, म्हणून या दिवाळीला नाही तर पुढच्या संक्रांतीला. असं करता करता डब्याची मालकीण बदली होऊन जाते आणि डबा माळ्यावर जातो. चांगुलपणाच्या नादात मैत्रीला गंज चढू देणारी आपल्यासारखी माणसं दुसरीकडे नसतील.

"एकेकीला नेऊन देऊ," वेणूबाई म्हणाल्या. "घाई नाही. वर्ष लागलं तरी चालेल."

घाई नाही म्हटल्यावर पोपटराव खूश झाले. ते शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. मुलाने नवी गाडी घेऊन जुनी त्यांच्या हवाली केली होती, आणि पन्नासच्या वर नेली की गाडीला वाईट वाटतं अशी त्यांची पक्की समजूत होती. मागून येणारे टेम्पोवाले काय काय बोलत, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यातून रस्त्यात बाग किंवा नर्सरी दिसली की पोपटराव थांबणारच. आत जाऊन प्रत्येक कुंडीची विचारपूस करणार आणि एखादं मरतुकडं रोप उचलून आणणार. धडधाकट रोप त्यांनी कधी घेतलं नाही. "त्याला काय, कुणीही नेईल," असं म्हणायचे.

असं ते वर्ष सुरू झालं. भोरला गेले, तर मैत्रिणीच्या परसात बसून दोघांनी दुपारपर्यंत कढीपत्त्याच्या सावलीत गप्पा मारल्या. वाईला गेले, तर डबा देऊन लगेच निघायचं म्हणता म्हणता मुक्कामच पडला. वेणूबाई डबे भरून नेत, कधी शेंगदाण्याची चटणी, कधी करंज्या. आणि येताना गाडीत माती, फांद्या, कंद आणि कुणाच्या तरी घरची भाजी. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात तर पोपटराव गर्दीत हरवले. तासाभराने सापडले ते निवडुंगांपाशी, एका अनोळखी आजोबांशी वाद घालताना.

शनिवार पेठेतल्या नम्रताताई गोखल्यांनी दार उघडलं आणि डब्याकडे पाहून म्हणाल्या, "ये ओव्हाळ. वीस वर्षांनी का होईना, धुऊन आणलास हे बरं केलंस." पण मग गच्चीवरची बाग दाखवताना त्यांनी वेणूबाईंचा हात सोडला नाही. कुंड्यांतून फिरता फिरता विचारलं, "आणि लोणीला जाऊन आलीस की नाही? इंदूकडे?"

"जाऊ," वेणूबाई म्हणाल्या आणि गुलबक्षीकडे बघत राहिल्या.

हेच तर दुखणं होतं. वाई कुठे, भोर कुठे; आणि लोणी काळभोर त्यांच्या हडपसरच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, पोपटरावांच्या वेगानेसुद्धा. उरुळीकडच्या नर्सऱ्यांसाठी ते वर्षभरात कितीदा तरी सोलापूर रस्त्याने गेले. पण लोणीचा फाटा आला की वेणूबाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागत. फाटा मागे पडला की पर्स बंद. पोपटराव गाडी तशीच पुढे नेत. त्यांना सगळं माहीत होतं.

इंदू काळभोर ऑफिसात वेणूबाईंच्या शेजारच्या टेबलावर होती, आणि जेवायला दोघींचा डबा अठरा वर्षं एकच होता. वेणूबाईंनी आणलेल्या सुकटीतली निम्मी सुकट इंदूची, आणि इंदूच्या वांग्याच्या भरतातलं निम्मं वेणूबाईंचं, असा अलिखित कायदा होता. सात वर्षांपूर्वी इंदूचे यजमान हिंमतराव अचानक गेले. तिसऱ्या दिवशी वेणूबाई घरातला सगळ्यात मोठा डबा भाकरी-पिठल्याने भरून लोणीला गेल्या. इंदू आत बायकांच्या घोळक्यात होती. ओट्यावर तिच्या सासूबाईंनी डबा हातात घेतला. त्यावर ठसठशीत अक्षरात कोरलं होतं: वेणू पोपट ओव्हाळ. म्हातारीने आडनाव वाचलं, एकदा वेणूबाईंकडे पाहिलं आणि डबा आत न नेता बाहेर धुण्याच्या दगडापाशी ठेवला.

एवढंच झालं. कुणी काही बोललं नाही. वेणूबाई इंदूला भेटून परत आल्या. डबा मात्र परत आला नाही. इंदूने पुढे नोकरीही सोडली, फोनही आला नाही. वेणूबाई आयुष्यभर खूप काही ऐकून, गिळून इथवर आलेल्या. म्हातारीचं त्यांना फारसं लागलं नव्हतं. तसल्या म्हाताऱ्या त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. प्रश्न इंदूचा होता. अठरा वर्षं ती माझ्या डब्यातलं जेवली, ते ऑफिसात होती म्हणून? घरी गेल्यावर तिनेही तो डबा उकिरड्यावर टाकू दिला? हे विचारायचं तर जावं लागणार. आणि गेल्यावर उत्तर 'होय' निघालं, तर त्या अठरा वर्षांचंही मातेरं होणार.

फेब्रुवारी संपत आला तेव्हा पोत्यात एकच डबा उरला. छोटा, कडीचा, त्यावर 'इं. हिं. काळभोर'.

"राहू दे हा," वेणूबाई म्हणाल्या.

पोपटराव चहाचा कप ठेवून म्हणाले, "वेणू, गाडी मी हळू चालवतो हे खरं. पण वर्षभर एका फाट्यावरून नुसती पुढे नेतोय, त्याचा मला कंटाळा आलाय."

वेणूबाईंना राग आला. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या, शेंगदाणे भाजायला घेतले आणि चटणी जरा जास्तच तिखट केली.

लोणीचं घर आता ओळखू येत नव्हतं. पुढे बाग झाली होती. मोगरा, चाफा, कडेला झेंडूचे वाफे. पोपटराव फाटकातच चाफ्यापाशी अडकले, त्यामुळे ओट्यावर वेणूबाई एकट्याच चढल्या. धुण्याचा दगड होता तिथेच होता. दार एका तरुण मुलीने उघडलं. ती इंदूची सून दीपाली.

"कोण पाहिजे?"

"इंदूबाई आहेत का? मी ओव्हाळ. त्यांच्या ऑफिसातली."

मुलीचे डोळे मोठे झाले. "अय्या! म्हणजे डब्यावरच्या ओव्हाळ मावशी?"

"कुठल्या डब्यावरच्या?" वेणूबाईंनी विचारलं.

"रोज वाचते की मी तुमचं नाव. पीठ काढताना. आई, ओ आई! डब्यावरच्या मावशी आल्यात!"

इंदू काठी टेकत बाहेर आली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, केस पांढरे झाले होते. तिने वेणूबाईंना मिठीबिठी मारली नाही. काठी भिंतीला लावली आणि म्हणाली, "वेणे, सात वर्सं? मी मेले का जगले, बघायला तरी यायचं हुतंस."

"तू बोलावलंस का?"

"चल आत."

स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात तो डबा होता. ज्वारीच्या पिठाने काठोकाठ भरलेला, घासून घासून पांढरा पडलेला. नाव मात्र स्पष्ट.

"परत का नाही केलास?" वेणूबाईंनी विचारलं. आवाज त्यांना हवा होता तितका कडक निघाला नाही.

इंदू स्टुलावर बसली. "आमच्यात दुखवट्याचा डबा भरून परत द्यायचा नसतोय. रिकामाच द्यायचा. आन् तुझ्या घरी तुझा डबा रिकामा पाठवायचा? खरं सांग, काय वाटलं असतं तुला?"

वेणूबाईंच्या घरातून सुतक आणि त्याचे सगळे नियम वडिलांच्या वेळीच हद्दपार झाले होते. रिकामा डबा दारात आला असता, तर त्यांना नेमकं तेच वाटलं असतं जे सात वर्षं वाटत होतं.

"आत्याबाईंनी त्यो भाईर ठेवला, ते मी आतनं बघितलं हुतं," इंदू हळू आवाजात म्हणाली. "सगळी गेल्यावर मीच आत आणला. त्यातली भाकरी खाल्ली मी. घरात दोन दिवस वादावादी झाली. नवरा जाऊन आठवडा नाही, आन् मी डब्यावरनं भांडत्येय. मग म्हटलं, थांबा. ह्याच डब्यात पीठ भरलं. भाकऱ्या आत्याबाईच थापायच्या. रोज हात घालावा लागायचा त्यांना तुझ्या डब्यात. जाईपर्यंत तीन वर्सं त्यातलंच खाल्लं त्यांनी."

"मला फोन करून सांगायचंस."

"काय सांगू? माझ्या सासूनं काय केलं, ते? लाज वाटत हुती गं." आणि इंदू रडायला लागली. वेणूबाईही रडल्या. सात वर्षांचं तुंबलेलं होतं, ते काही पदराने आवरण्यासारखं नव्हतं.

दीपालीला काय करावं कळेना. ती बिचारी डब्यातलं पीठ परातीत ओतू लागली, डबा परत द्यायचा म्हणून.

"ओतू नकोस," वेणूबाई म्हणाल्या. "तो इथलाच आहे आता. त्यातल्या पिठाची भाकरी कर, मला भूक लागलीय."

भाकरी आणि ती जास्त तिखट झालेली चटणी. पोपटरावांना बागेतून बोलावून आणायला दोनदा माणूस पाठवावा लागला. निघताना इंदूने आपला छोटा डबा पुसून कोरडा केला आणि तसाच वेणूबाईंच्या हातात दिला.

"ह्यो तुझ्याकडं ठेव. आन् परत आणशील तवा भरायची वाट बघत बसू नको. काय नसलं तरी ये."

पुढच्याच शनिवारी हडपसरच्या सिग्नलला गाडी उभी होती. वेणूबाईंच्या मांडीवर छोटा डबा होता. पोपटरावांनी तो उचलून पाहिला आणि कडी वाजली.

"यात काहीच नाही, वेणू."

"नाही."

सिग्नल सुटला. लोणीच्या रस्त्याला लागल्यावर वेणूबाई म्हणाल्या, "अहो, जरा जोरात घ्या की."